अकरा नंबरची लोरेदाना

शनिवारी सकाळी पावणेआठला फोन वाजला तेव्हा मी मुलींच्या जर्सींना इस्त्री करत होते. इतक्या सकाळी मला कुणाचा फोन येत नाही. अनिकेत, माझा मुलगा, रविवारी संध्याकाळी स्टॅनमोरहून करतो. बाकी कुणी करत नाही. हॉस्पिटलमधली नर्स होती. तिनं आधी माझं नाव नीट विचारून घेतलं, मग मी बसले आहे का, असं विचारलं. मी उभीच होते. लोरेदाना पहाटे गेली होती. झोपेतच, अगदी शांतपणे, असं ती म्हणाली... तसं त्या सगळ्यांनाच सांगत असाव्यात. माझे यजमान तीस वर्षं इथंच साउथहॅम्प्टनला भूल देणारे डॉक्टर होते, त्यामुळे ही वाक्यं मला पाठ आहेत. फॉर्मवर जवळच्या माणसाच्या रकान्यात लोरेदानानं माझं नाव घातलं होतं आणि नात्याच्या जागी नुसतं 'फ्रेंड' लिहिलं होतं. म्हणून तो फोन मला आला.

अकरा वाजता मॅच होती. पंधरा-सोळा वर्षांच्या दहा मुली, लोरेदानानं चार वर्षं शिकवलेल्या, पहिल्यांदाच काउंटीच्या फायनलला पोचल्या होत्या. काय करावं ते सुचेना, म्हणून मी उरलेल्या तीन जर्सींना इस्त्री केली, सगळ्या पिशवीत भरल्या आणि बस पकडली. लेझर सेंटरच्या, म्हणजे इथल्या क्रीडासंकुलाच्या, दारातच कॅप्टनची आई भेटली. तिला बाजूला घेऊन सांगितलं. तिचे डोळे भरून आले, तिनं माझा हात घट्ट धरला आणि लगेच म्हणाली, "सुधा, मुलींना आत्ता नको सांगायला. मॅच होऊन जाऊ दे. दीड तासाचा तर प्रश्न आहे."

मी आयुष्यात फारशा वादात पडलेली बाई नाही. कुणी काही म्हटलं की 'बरं' म्हणायची माझी सवय. पण त्या दिवशी मी म्हणाले, "नाही. आधी सांगायचं." आणि ती पुढं काही बोलायच्या आत चेंजिंग रूमचं दार ढकललं.

मुली जमिनीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होत्या. मी सांगितलं. एकीनं दुसरीच्या खांद्यात तोंड खुपसलं. मग जेड, त्यांची कॅप्टन, म्हणाली, "आज आमची मॅच आहे हे तिला माहीत होतं ना?" मी म्हटलं, "तिनंच काल मला जर्सी इस्त्री करायला घरी पिटाळलं. आता खेळायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. कुणी रागावणार नाही." त्या खेळल्या. सपाटून हरल्या. कॅप्टनची आई त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही, आणि त्याचं मला नवल वाटत नाही. तिला लोरेदानाची सगळी गोष्ट माहीत नव्हती. ती गोष्ट माहीत असलेली इंग्लंडात मी एकटीच होते.

यजमान गेल्यावरचा पहिला हिवाळा होता. दुपारी चार वाजता अंधार पडायचा आणि मी पडदे ओढून टीव्हीसमोर बसून राहायची. लायब्ररीत एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली... मुलींच्या बास्केटबॉल क्लबला स्कोअर लिहिणारं कुणीतरी हवं आहे, शिकवलं जाईल. मला शिकवायची गरज नव्हती. नागपूरला असताना मी युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये होते, मातीच्या कोर्टवर, पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये. तीन वर्षं खेळले, मग लग्न झालं, मग इकडं आले. पस्तीस वर्षांत हे मी कुणाला सांगितलंही नव्हतं. त्या संध्याकाळी हॉलमध्ये गेले तर दारातून एक बाई वाकून आत आली. माझ्याच वयाची, अठ्ठावन्न-साठची, पण उंची सव्वासहा फूट. मी पाच फूट एक इंच. तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि तिच्या तुटक इंग्रजीत विचारलं, "तू गार्ड होतीस?" टीममधल्या बुटक्या, चेंडू खेळवत पुढं नेणाऱ्या मुलीला गार्ड म्हणतात. मी 'हो' म्हटलं. "वाटलंच," ती म्हणाली, आणि माझ्या हातात पेन दिलं. आमची ओळख म्हणजे एवढीच. ती मला सूदा म्हणायची, 'धा' तिला शेवटपर्यंत जमला नाही.

ती इटलीची, एवढंच क्लबात माहीत होतं. कुणा इंग्लिश जहाज-इंजिनियरशी लग्न करून इकडं आली, चार वर्षांत तो दुसरीबरोबर स्पेनला गेला, आणि ही साउथहॅम्प्टनच्याच शर्ली भागात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहिली. तिच्या स्वयंपाकघरात सगळं वरच्या फळीवर. साखर हवी असली तरी मला तिला हाक मारावी लागायची. रविवारी ती तिच्याकडचा तो मऊ, आसट भात करायची, तासभर ढवळत उभी राहून. एकदा मी म्हटलं, माझ्या आजोळी भंडाऱ्याकडे धानाची शेती आहे, बाया गुडघाभर चिखलात उभ्या राहून रोवणी करतात. ती ढवळायची थांबली. म्हणाली, "माझी आई तेच करायची. चाळीस दिवस पाण्यात. संध्याकाळी तिचे पाय मी पुसायची." त्या दिवसापासून तिच्या आणि माझ्या बोलण्यात काहीतरी मोकळं झालं. दोघींचं इंग्रजी उसनं, त्यामुळे आम्ही साधंच बोलायचो. पण चिखल, पाणी, जळवा हे सगळं तिला न समजावता कळायचं.

"परत का जात नाहीस?" असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "तिथं मला सगळे ओळखतात आणि कुणी येत नाही. इथं मला कुणी ओळखत नाही, म्हणून कुणी आलं नाही तरी वाईट वाटत नाही." सगळे ओळखतात म्हणजे काय, ते मला दोन वर्षांनी कळलं. बंदराला मोठमोठी क्रूझ जहाजं लागतात. एका शनिवारी आम्ही बाजार करून बसस्टॉपवर उभ्या होतो. जहाजावरचा एक आचारी, पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला, रस्ता ओलांडता ओलांडता मधेच थबकला. मागून गाडीनं हॉर्न दिला तरी तो हलेना. मग तो धावत आला, डोक्यावरची टोपी काढली आणि इटालियनमध्ये भडाभडा बोलू लागला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला तो इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, तुम्हाला माहीत आहे या कोण आहेत? अकरा नंबर! आमच्या देशात यांच्यासारखी दुसरी झाली नाही. ती फायनल... मी आठ वर्षांचा होतो, वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिली. अर्ध्याहून जास्त पॉइंट यांचे एकटीचे! वडील म्हणाले, हे लक्षात ठेव." त्यानं वाकून तिचा हात कपाळाला लावला. लोरेदानानं त्याला विचारलं, समुद्र कसा होता? तो म्हणाला, बरा होता. बस आली. आम्ही चढलो. तो टोपी हातात धरून तिथंच उभा होता.

बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली. दोन-तीन स्टॉप गेले. मग म्हणाली, "ज्या मॅचबद्दल तो बोलला ना, त्या मॅचच्या वेळी माझ्या आईला पुरत होते."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ती माझ्याकडे न बघता सांगत राहिली. सोळाव्या वर्षी तिला गावातून एका लोकरीच्या गिरणीच्या टीमनं उचललं. गिरणीच्या होस्टेलमध्ये खाट आखूड, म्हणून पायथ्याशी ट्रंक ठेवून त्यावर पाय टाकून झोपायची. सकाळी गिरणी, दुपारी प्रॅक्टिस. एकोणिसाव्या वर्षी देशाच्या टीममध्ये. तेविसाव्या वर्षी ती फायनल. रविवारी मॅच आणि शनिवारी दुपारी भावाची तार आली, आई गेली म्हणून. गिरणीच्या मालकानं ती तार सहायक कोचला खिशात ठेवायला सांगितली. मॅच होऊन जाऊ दे, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. जिंकल्यावर लोकांनी हिला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. फोटो निघाले. अंघोळ करून केस पुसत असताना तिच्या हातात तार दिली.

"मग?" मी विचारलं.

"सोमवारी घरी पोचले. भाऊ दारात उभा होता. गावानं स्मशानातून परत येऊन रेडिओवर निकाल ऐकला होता, माझं नाव दोनदा घेतलं होतं. तो म्हणाला, मी स्वतः तार केली, तू खेळायला थांबलीस. मी सांगितलं, मला दिली नाही. त्याला खरं वाटलं नाही. त्यानं दार लावून घेतलं."

"पुन्हा सांगायचंस."

"एकदा सांगितलं, सूदा. दुसऱ्यांदा सांगणं म्हणजे भीक मागणं."

आमचा स्टॉप मागं गेला होता. आम्ही पुढच्या स्टॉपला उतरून पिशव्या घेऊन चालत आलो. वाटेत मी तिला विचारलं, त्याच गिरणीसाठी पुढं खेळलीस? ती म्हणाली, आणखी अकरा वर्षं. मला ते समजेना. "मग कुठं गेले असते?" ती म्हणाली. "घर नव्हतं. टीम होती. सोळाव्या वर्षापासून रोज सकाळी कुणीतरी सांगायचं, इतक्या वाजता इथं ये. ते सांगणं थांबलं असतं तर मी काय केलं असतं?"

म्हणून ती खेळत राहिली. सत्तावीस वर्षं. तिच्याबरोबरच्या मुलींची लग्नं झाली, मुलं झाली, त्या प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवू लागल्या, मग त्याही यायच्या बंद झाल्या. देशाच्या टीममधून एक दिवस पत्र आलं, आभाराचं. मोठ्या क्लबातून मध्यम क्लबात, तिथून लहान गावांच्या टीममध्ये. गुडघ्यांची तीन ऑपरेशनं. दर उन्हाळ्यात वाटायचं आता पुरे, आणि सप्टेंबरात ती कुठल्यातरी नव्या गावात भाड्याच्या खोलीची किल्ली घेत असायची. शेवटच्या टीममधल्या मुली ती खेळायला लागली तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. इटालियनमध्येही आपल्यासारखं तू आणि तुम्ही असतं. त्या मुली तिला मैदानातसुद्धा तुम्ही म्हणायच्या. "विचार कर," ती हसत सांगायची, "दोन सेकंद उरलेत आणि ही पोरगी ओरडते, अहो, चेंडू द्या!" मीही हसायची. घरी आल्यावर मात्र मला ते आठवून कसंतरी व्हायचं. सत्तावीस वर्षं टीममध्ये काढली आणि शेवटी तिला तू म्हणणारं कुणी उरलं नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी ती थांबली. शेवटच्या मॅचला छप्पर गळत होतं, मध्यंतरात तिनंच फडकं घेऊन पाणी पुसलं. कुणी भाषण केलं नाही.

तो आचारी भेटला त्याच हिवाळ्यात तिनं मला एक पत्र दाखवलं. त्या सहायक कोचचं, म्हातारपणी आजारी असताना लिहिलेलं. तार माझ्या खिशात होती, त्यात तुझा काही दोष नव्हता, मला माफ कर, असं दोन पानं. तिनं ते मला शब्द न् शब्द इंग्रजीत करून सांगितलं. मी म्हटलं, "अगं, हे भावाला पाठव! आजच पाठव." तिनं पत्राची घडी केली. म्हणाली, "त्याला माझ्यावर विश्वास ठेवायला कागद लागत असेल तर मला भाऊ नको."

पुढच्या वर्षी तिनं मला विचारलं, उन्हाळ्यात माझ्याबरोबर येशील का? आईच्या कबरीवर फुलं ठेवायची आहेत. एकटीनं गावातून चालत जायचं धाडस होत नाही. मी हो म्हटलं. मग अनिकेतच्या घराचं काम निघालं, सून म्हणाली, "आई, summer holidays मध्ये तुम्ही इकडे असाल तर बरं पडेल," आणि मी माझ्या सवयीप्रमाणे बरं म्हटलं. लोरेदानाला म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की जाऊ. ती म्हणाली, हो, घाई काय आहे... पुढच्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. मी हे कुणाजवळ बोलले नव्हते. आज लिहिते आहे.

ती गेल्यावर अंत्यविधीचं पाहणाऱ्या माणसानं मला पहिला प्रश्न विचारला तो उंचीचा. इथं दहनही पेटीसकट होतं, आणि नेहमीची पेटी पुरणार नव्हती. सह्यांसाठी नात्यातलं कुणीतरी लागत होतं, म्हणून भावाचा मुलगा आला. मार्को, चाळिशीचा, औषधाच्या दुकानात काम करणारा. फ्लॅटच्या दारातून तो वाकून आत आला. तोही तेवढाच उंच. आत्याला त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. स्वभावानं सरळ वाटला. इंग्रजीही बरं बोलत होता. म्हणाला, "वडिलांनी सांगितलंय, सह्या कर आणि परत ये. राखेचं इकडच्या लोकांना काय करायचं ते करू दे." मग थोडं ओशाळून म्हणाला, "तुम्हाला कारण माहीत नसेल. ती स्वतःच्या आईच्या अंत्ययात्रेला आली नाही. खेळायला गेली."

मी चहा करत होते. वरच्या फळीवरचा साखरेचा डबा त्यानंच मला काढून दिला. मी त्यात चमचा घातला आणि तसाच ठेवला. ते पत्र कुठल्या खणात आहे ते मला माहीत होतं. ते द्यायचं नाही हेही मला माहीत होतं. तिचं म्हणणं माझ्या कानात स्पष्ट होतं. पण राख साउथहॅम्प्टनच्या कुठल्यातरी गवतावर टाकून द्यायची, आणि तिकडं तिची आई त्या भाताच्या खाचरांशेजारी एकटी... मी जाऊन पत्र आणलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. म्हटलं, "हे तिनं कधीच पाठवलं नाही. पण वाच."

त्यानं खिडकीशी उभं राहून वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग खुर्चीवर बसला आणि विचारलं, फोन वापरू का? मी मान हलवली. त्यानं वडिलांना फोन लावला आणि ते पत्र, अगदी तारखेपासून सहीपर्यंत, मोठ्यानं वाचून दाखवलं. मला त्यातला 'मम्मा' एवढाच शब्द कळत होता. वाचून झाल्यावर तो थांबला. तिकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं, फोन कट झाला. तो दोनदा 'पपा, पपा' म्हणाला. मग रिसीव्हर कानाला लावून तसाच बसून राहिला, पाच मिनिटं असेल, जास्तही असेल. शेवटी एक वाक्य ऐकलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"तिला घरी घेऊन ये, म्हणाले. आईजवळ जागा आहे."

तो राख घेऊन गेला. महिन्याभरानं त्याचं पाकीट आलं, आत एक फोटो. भाताच्या खाचरांपलीकडची स्मशानाची भिंत, दगडावर आईचं नाव आणि खाली लोरेदानाचं. शेजारी काठी टेकून उभा असलेला एक उंच म्हातारा, चेहरा दगडाकडे, त्यामुळे दिसत नाही. मी तो फोटो पुष्कळ वेळा पाहिला. मी बरोबर केलं की तिच्या शब्दाबाहेर गेले, ते मला अजून ठरवता येत नाही. ती असती तर माझ्याशी आठवडाभर बोलली नसती, एवढं नक्की.

परवा माझ्या नातीनं फोनवर विचारलं, "आजी, तुझा फ्रेंड मेली ना? मग आता तू कोणाबरोबर खेळणार?" ती आठ वर्षांची आहे, तिचं मराठी असंच आहे. तिनं विचारलं ते मंगळवारबद्दल. शेवटच्या हिवाळ्यात लोरेदानाला पळणं जमेना, तेव्हा तिनं मंगळवारी दुपारी तीन ते चार हॉल बुक केला, थेट ईस्टरपर्यंत. स्वतः बास्केटखाली खुर्ची टाकून बसायची आणि मला फ्री थ्रो टाकायला लावायची. चाळीस वर्षांनी हातात चेंडू घेतला तेव्हा तो बास्केटच्या जाळीपर्यंतही पोचला नाही. "पत्र पेटीत टाकतेस का? गुडघे वाक!" ती खुर्चीतून ओरडायची. आत गेलेला, न गेलेला, कुठलाही चेंडू ती बसल्याबसल्या लांब हात करून अडवायची आणि एका हातानं माझ्या छातीशी नेमका फेकायची. मला जागचं हलावं लागायचं नाही.

गेल्या आठवड्यात लेझर सेंटरमधून फोन आला, बुकिंग अजून तिच्या नावावर आहे, कॅन्सल करू का? मी नको म्हटलं. मंगळवारी तीनला जाते. हॉलमध्ये कुणी नसतं, वरचे दिवे गुणगुणत असतात. मी रेषेवर उभी राहते, गुडघे वाकवते, चेंडू टाकते. तो कधी आत जातो, कधी नाही, आणि मग टप्पे खात पलीकडच्या भिंतीपर्यंत घरंगळत जातो. मी चालत जाते, उचलते, परत रेषेवर येते. पूर्वी तासाभरात शंभर व्हायचे. आता चाळीस होतात. बाकीचा वेळ चेंडू आणण्यात जातो.